आतल्या खोलीपाशी थांबणारी गाडी

उत्पलाकडे शब्द थोडे होते, पण एकेका शब्दात ती बरंच काही सामावून घ्यायची. पहूर हे तिच्या आजीचं गाव. तिच्या तोंडी मात्र जे जे छान ते सगळंच पहूर. कुलरच्या जाळीतून येणारा वाळ्याचा गार वारा पहूर, दहीभात पहूर, न्हाऊन आलेल्या आईचे ओले केस गालाला लागले की तेही पहूर. दीपमालाला वाटायचं, आपल्या लेकीचं सगळं जग एकाच गावाला जाऊन मिळतं, आणि त्या गावाला जाणारी गाडी आपल्या घरातलीच आहे.

घरातलीच म्हणजे काय, तर दीपमालाचा नवरा प्रशील एसटीत कंडक्टर होता. जळगाव-पहूर ही त्याची नेहमीची गाडी. दर रविवारी दीपमाला लेकीला घेऊन त्याच्या गाडीत बसायची. उत्पला खिडकीच्या काचेला गाल टेकवायची. काच थरथरायची, तिच्याबरोबर गालही थरथरायचा, आणि पोरीच्या घशातून एक बारीक, एकसारखा सूर निघायचा. कुसुंबा, चिंचोली, उमाळे, नेरी, अशी गावं मागे पडत जायची. दुरून येणारी झाडं आधी हळू चालायची, जवळ आली की पळायची. आठवडाभर स्वतःच्या मनगटाला चावणारी, भांडं पडलं तरी कान झाकून घेणारी ही नऊ वर्षांची मुलगी गाडीत बसली की पाण्यासारखी निवळून जायची. डॉक्टरांनी ती लहान असतानाच सांगितलं होतं, मूल स्वमग्न आहे. तो शब्द ऐकला तेव्हा दीपमाला रडली होती. पुढे गाडीत बसलेल्या लेकीकडे बघताना तिला वाटायला लागलं, मग्न हा काही वाईट शब्द नाही.

मार्चमधल्या एका रविवारी गाडी निघाली नाही.

उत्पला सकाळीच चपला घालून दारात उभी राहिली. कोरोनाच्या भीतीनं जळगावातल्या पिंप्राळ्यातली त्यांची गल्ली इतकी रिकामी होती की वाऱ्यानं घरंगळणाऱ्या प्लास्टिकच्या बाटलीचा आवाज टोकापर्यंत ऐकू येत होता. "आज गाडी बंद आहे, पला," दीपमाला म्हणाली. बंद म्हणजे काय ते मुलीला दाखवायला तिच्याकडे काहीच नव्हतं. बंद दार दाखवता येतं, बंद डबा दाखवता येतो. बंद झालेलं गाव कसं दाखवायचं? ऊन अंगणातून उंबऱ्यावर आलं, उंबऱ्यावरून घरात शिरलं, तरी पोर उभीच. शेवटी ती चपलांसकट उंबऱ्याला गाल लावून आडवी झाली. उंबरा थरथरत नव्हता. मग तिनं डोकं आपटायला सुरुवात केली.

पुढचं वर्ष दीपमालाला नीट क्रमानं कधीच आठवलं नाही. शाळा बंद झाली. शाळेतल्या मॅडम मोबाइलच्या पडद्यावर यायच्या तेव्हा उत्पला मोबाइल उलटा करून मागे बघायची, मॅडमचं बाकीचं अंग कुठं आहे ते शोधायची, आणि ते सापडलं नाही की मोबाइल भिरकावून द्यायची. वरच्या मजल्यावरच्या सुनंदाबाई तिच्या किंचाळण्यानं हैराण होऊन जिन्यातून ओरडायच्या. शिकवून शिकवून अंगवळणी पडलेल्या सवयी सुटल्या, अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं. आणि शब्द गेले. आधी 'नको' गेला, मग 'पाणी'. शेवटी 'पहूर' कधी गेला ते दीपमालाला कळलंसुद्धा नाही. एका दुपारी कुलर लावल्यावर ती वाट बघत राहिली, आणि पोरीनं नुसतंच तोंड वाऱ्याकडे केलं.

त्या वर्षी जयंतीला मिरवणूक नव्हती. त्यांनी घरातच बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. उत्पला त्या ज्योतींपुढे बसली ती मेण वितळून जमिनीला चिकटेपर्यंत हलली नाही. साऱ्या उन्हाळ्यात तिची तेवढीच एक शांत संध्याकाळ.

प्रशील कधी घरी असायचा, कधी ड्युटी लागली की परराज्यातल्या मजुरांना सीमेपर्यंत सोडून यायचा. घरी असला की तो जिन्याच्या पायरीवर बसून राही. लेकीजवळ जायला तो घाबरायचा. इतकी वर्षं त्यानं तिला पाहिलं होतं ते गाडीतच, शांत बसलेली. घरातली ही मुलगी त्याच्या ओळखीची नव्हती.

"तुला कळतं तिचं," तो दीपमालाला म्हणायचा. "माझ्या हातून काहीतरी उलटंच होतं."

"मला जन्मतःच कळत होतं का?" एकदा ती चिडून म्हणाली होती. पण तेवढंच. भरवणं, अंघोळ, झोपवणं, सगळं तिच्याच हातून व्हायचं. उत्पला दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेतच नव्हती. झोपेत मनगटाला चावू नये म्हणून दीपमाला तिचा हात आपल्या हातात धरून झोपायची. खरं तर झोपायची नाहीच.

दुसऱ्या उन्हाळ्यात आजार पुन्हा उसळला. तोवर थोड्याफार धावू लागलेल्या गाड्या पुन्हा डेपोत उभ्या राहिल्या, आणि त्याच आठवड्यात दीपमालाला ताप भरला. तपासणीत निघायचं तेच निघालं. दवाखान्यात खाट नव्हती. डॉक्टर म्हणाले, घरीच वेगळ्या खोलीत राहा, बोटाला मशीन लावून ऑक्सिजन बघत राहा, आकडा खाली गेला की लगेच या.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत मोरी होती, म्हणून दीपमाला आत गेली. दार लोटून घेताना तिनं फटीतून पाहिलं. उत्पला कुलरपुढे पाठमोरी बसली होती. तिला अजून काही कळलं नव्हतं.

कळलं ते दुपारच्या जेवणाला. आधी दारावर एक थाप पडली, मग थापांचा पाऊसच. मग ते किंचाळणं, जे दीपमाला वर्षभर ऐकत आली होती.

"पला, मी इथंच आहे बाळा," ती आतून म्हणाली. "इथंच आहे बघ."

किंचाळणं दुप्पट झालं. आवाज येतोय आणि माणूस नाही, मोबाइलमधल्या मॅडमसारखं.

"तू बोलू नकोस, दीपा," प्रशीलचा रडवेला आवाज आला. "तुझ्या बोलण्यानं ती जास्त करतेय."

दीपमालानं पदराचा बोळा तोंडात धरला आणि दाराला पाठ लावून खाली बसली. पाठीला लेकीच्या डोक्याचे धक्के जाणवत होते. एक, आणखी एक. दार उघडण्यासाठी तिचा हात कडीकडे गेला, आणि तापानं जड होऊन तिथंच राहिला.

आणि मग बाहेरून एक निराळाच आवाज आला. मोठा, खणखणीत, स्टँडवरच्या गर्दीला कापत जाणारा.

"चला, पहूर! कुसुंबा, चिंचोली, उमाळे, नेरी, पहूर! बसून घ्या, बसून घ्या!"

धक्के थांबले.

"ओ ताई, खिडकीची जागा रिकामी आहे. सरका पुढे."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, दुसरी खुर्ची, पाण्याची कळशी जमिनीवरून ओढल्याचा आवाज. आणि मग प्रशीलनं तोंडानं गाडी चालू केली. पहिला गिअर, दुसरा, घाटात दमलेल्या इंजिनाचा घरघराट. तीसेक वर्षांचा बाप्या माणूस, ओठ फुरफुरवत होता. दीपमालाला हसू आलं, हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर तिला जाणवलं की दाराच्या पलीकडून तो बारीक, एकसारखा सूर येतो आहे.

त्या दिवसापासून घर चालायला लागलं.

दीपमाला आत पडून नुसतं ऐकायची, आणि ऐकण्यातूनच तिला सगळं दिसायचं. उश्या, कळशी, धान्याचे डबे ओळीनं मांडले जायचे, ते उतारू. प्रशीलनं खिडकीपासून दारापर्यंत एक नाडा बांधला होता आणि त्याला स्टीलचा पेला लटकावून आत चमचा सोडला होता. नाडा ओढला की टण वाजायचं. एकदा वाजलं की थांबायचं, दोनदा वाजलं की निघायचं. पहिल्या दिवशी घंटी प्रशीलच वाजवत होता. मग कधीतरी घंटी जरा वेगळी, अडखळत वाजली आणि त्याचा आवाज आला, "हां! डबल दिली बाईनं. चला!" नेरीला गाडी थांबली की तो वरणभाताचा घास पुढे करायचा. "नेरी आलं, चहा-नाश्ता करून घ्या." दीपमाला कानात प्राण आणून ऐकायची. एकदा थाळी आपटली. दुसऱ्या दिवशीही आपटली. मग एका दुपारी नेरीला थाळी आपटली नाही. चावण्याचा मऊ आवाज आला. माझ्या हातचं नाही, आणि तरी खातेय. त्या आनंदात कुठंतरी एक बारीकसं कुसळ होतं. ते तिनं काढायचा प्रयत्न केला नाही.

आतली खोली हा नवा थांबा उत्पलानंच टाकला. एका फेरीला घंटी एकदाच वाजली, आणि पावलं दाराशी येऊन थांबली.

"इथं थांबा नाही बाई," प्रशील म्हणाला. पोर हलली नाही. मग त्यालाही कळलं असावं. तो मोठ्यानं ओरडला, "आतली खोली! कुणी उतरणार? कुणी चढणार?"

दाराखालच्या फटीतून लेकीची चार बोटं आत आली. उन्हाच्या पट्टीत ती केळफुलाच्या दांड्यांसारखी पिवळसर दिसत होती. दीपमालानं हात पुढे केला आणि मागे घेतला. शिवायचं नव्हतं. तिनं बोटानं दारावर टकटक केलं, दोनदा. बोटं आनंदानं वळवळली, निघून गेली, आणि गाडी सुटली.

ताप चढत गेला तशी तीही त्या गाडीत बसायला लागली. खाट हलायची. गाडीच्या पत्र्यावर पडलेलं ऊन खडखड वाजायचं. खिडकीबाहेरून काळ्या रानातली कपाशी जायची, वाघूरचं कोरडं पात्र जायचं, आणि मग एखाद्या वळणावर त्या पात्रात पाणी असायचं, निळं, गाडीच्या चाकांना लागत वाहणारं. गाडीत सगळी ओळखीची माणसं असायची. कधीचेच वारलेले तिचे वडील पुढच्या बाकावर धोतर सावरून बसलेले. शाळेत सोबत असलेल्या मुली, दोन वेण्या घातलेल्या, अजून तेवढ्याच. कुणीच बोलत नव्हतं, आणि त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. बोलण्याची गरज संपलेली असावी तसं. उत्पला बाकांमधून चालत यायची आणि प्रत्येकाच्या तळहातावर आपला तळहात टेकवायची. तेच तिकीट.

"कुठपर्यंत?" वडिलांनी मागे वळून दीपमालाला विचारलं.

"पहूर."

"पहूर तर मागं गेलं, माय. बस आता निवांत. पुढचा रस्ता लई गार आहे."

खरंच गार होता. दोन्ही बाजूंनी केळीची मोठाली पानं गाडीवर ओणवली होती आणि आत हिरवा अंधार भरत चालला होता. दीपमालाला त्या अंधाराचा इतका मोह झाला की तिनं डोळे मिटले. मग एकदम वाटलं, नको, मला उतरायचं आहे. तिनं घंटीच्या दोरीसाठी हात वर केला. दोरी हाताला लागेना. ती उठायला गेली, तिचा तोल गेला, आणि कोपर दारावर आदळलं. एकदाच.

बाहेर गाडी थांबली.

"काय झालं बाई? डबल दे, चल," प्रशीलचा आवाज आला. घंटी वाजली नाही. "अगं नेरीला जायचंय ना? भूक लागली ना?" त्यानंच नाडा ओढायला हात घातला असावा, कारण पोरीचा घोगरा, अडवणारा आवाज आला. एकदा आतून वाजलं होतं. एकदा म्हणजे थांबायचं. दोनदा वाजल्याशिवाय ती कुणालाही गाडी हलवू देणार नव्हती.

प्रशील आधी हसला. मग हसणं विरलं.

"दीपा?" तो म्हणाला. "दीपा, बोल ना."

तिला बोलायचं होतं. सकाळीच त्यानं विचारलं तेव्हा 'बरी आहे' म्हणून तिनं खोटं सांगितलं होतं, ते खोटं आहे हेही सांगायचं होतं. पण शब्द उचलायला श्वास पुरत नव्हता. ताप चढल्यापासून तिनं कडी घातली नव्हती; दार ढकललं गेलं, तिच्या अंगाला अडलं, पुन्हा हळूच ढकललं गेलं. त्यानं तिचं बोट मशीनमध्ये धरलं, आकडा पाहिला आणि लगेच मोबाइल काढला.

प्रशीलच्या गाडीचा ड्रायव्हर प्रेमराज शेजारच्या गल्लीत राहायचा. तो आपली जुनी मारुती घेऊन आला. मागच्या सीटवर दीपमाला आडवी, तिचं डोकं प्रशीलच्या मांडीवर. पुढे उत्पला. तिनं मास्क ओढून काढला होता आणि कान दोन्ही हातांनी गच्च झाकले होते. दीपमालाला अर्धवट डोळ्यांनी एवढंच दिसलं की पोरीचा गाल काचेला टेकलेला आहे.

दवाखान्यात त्या संध्याकाळी एक खाट रिकामी झाली होती. ती कशी झाली हे कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. नाकावरच्या नळीतून येणारा वारा कुलरसारखा वाजायचा. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं डॉक्टर प्रशीलला बोलले ते तिनं ऐकलं. ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

ती घरी आली तेव्हा मे महिना सरत आला होता. जिन्यात सुनंदाबाई उभ्या होत्या. इतके दिवस बापलेकीचा जेवणाचा डबा त्यांच्याकडूनच येत होता. "हळू या," त्या म्हणाल्या आणि लगेच तोंड फिरवलं.

दीपमालानं वाटेत कितीतरी वेळा ठरवलं होतं, दार उघडलं की लेक येऊन बिलगेल. उत्पला जमिनीवर बसली होती, प्रशीलच्या गुडघ्याला पाठ टेकवून. तिनं वर पाहिलं. उठून जवळ आली, आईच्या दंडाचा वास घेतला. दवाखान्याचा वास असावा. नाक मुरडलं आणि परत जाऊन होती तशी बसली. जेवायच्या वेळी दीपमालानं घास पुढे केला तर तिनं आईचा हात बाजूला सारला, रागानं नाही, माशी सारावी तितक्या सहज, आणि बापाकडे तोंड वळवलं.

"थोडे दिवस लागतील तिला," प्रशील ओशाळून म्हणाला.

"लागू दे," दीपमाला म्हणाली, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

पण त्याच दुपारी एक गोष्ट घडली. ती खाटेवर लवंडली, आणि लेकीचा हात धरायला हात लांब केला तर तिथं हात नव्हता. बाहेरच्या खोलीत ते दोघं झोपले होते. प्रशीलच्या मुठीत पोरीचं मनगट होतं. दीपमालानं आपला रिकामा तळहात छातीवर ठेवला. असा तो कित्येक वर्षांत ठेवला नव्हता. जाग आली तेव्हा भिंतीवर दिवेलागणीचा उजेड होता, आणि चहा झाला होता. कुणीतरी दुसऱ्यानंच तो केला होता.

पुढे गाड्या सुरू झाल्या. सगळ्यांना वाटलं, आता पोर उड्या मारत गाडीत बसेल. ती पायरीपर्यंत गेली आणि मागे सरकली. आत सॅनिटायझरचा उग्र वास होता, माणसांना तोंडं नव्हती, आणि ती सगळी एकदम बोलत होती. घरातल्या गाडीतले उतारू कसे गप्प असायचे. प्रशीलनं जबरदस्ती केली नाही. सुट्टीच्या दिवशी तो तिला अजिंठा चौफुलीवर घेऊन जायचा आणि दोघं झाडाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचे. शाळा उघडली. काही सवयी परत आल्या, काही आल्या नाहीत. 'पाणी' परत आला, आणि 'बाबा' हा नवाच शब्द आला. 'पहूर' आला नाही. दीपमाला अजून वाट बघते; पण आता रोज नाही.

थंडीच्या सुरुवातीला प्रशीलच तिला म्हणाला, "तू एकटी जाऊन ये पहूरला, माझ्या आईकडे. तिनं तुला आजारानंतर पाहिलंच नाही."

"आणि ही?"

"आम्ही दोघं आहोत ना."

लग्नानंतर प्रथमच दीपमाला एकटी पहूरच्या गाडीत बसली. कंडक्टर अनोळखी होता. मांडीवर कुणी नव्हतं, हातात कुणाचं मनगट नव्हतं. आपले हात कुठं ठेवावेत हेच तिला नेरी येईपर्यंत सुचलं नाही.

लिलाबाई दारातच उभ्या होत्या. प्रशीलची आई, पाठीत वाकलेली, नजर अजून तेज. सुनेच्या मागे त्यांनी रस्ताभर पाहिलं.

"पोरीले काहून नही आनलं?"

"ती बाबाजवळ आहे, आत्या."

"त्याले जमते का?" म्हातारीला खरं वाटेना.

"जमतं," दीपमाला म्हणाली. आपल्या आवाजातला थोडासा हेवा आणि थोडासा अभिमान तिचा तिलाच ऐकू आला. "माझ्यापेक्षा बरं जमतं कधीकधी."

लिलाबाईंनी तिच्या गळ्याची वर आलेली हाडं पाहिली, गालावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. भाकर वाढली, वांग्याचं भरीत वाढलं, त्यावर कच्चं तेल सोडलं. जेवण झाल्यावर अंगणातल्या लिंबाखाली बाज टाकून गोधडी अंथरली.

"पड जराशी."

"पाचची गाडी आहे, आत्या. उठवाल ना?"

"उठवते, उठवते."

लिंबाच्या पानांमधून उन्हाचे ठिपके तिच्या अंगावर हलत होते. कुठंतरी कोंबडी कॉक् कॉक् करत होती. दीपमाला झोपली, आणि त्या झोपेत गाडी नव्हती, माणसं नव्हती, काहीच नव्हतं.

जागी झाली तेव्हा अंगावर आणखी एक गोधडी होती आणि चुलीचा धूर अंगणभर खाली उतरला होता. ती धडपडून उठली. "आत्या! गाडी?"

"गेली," लिलाबाई चुलीपुढून म्हणाल्या. "नही उठवलं म्या. सकाळी जाय."

दीपमालानं घाईघाईनं घरी फोन लावला. "गाडी चुकली," ती म्हणाली. "झोप लागली हो मला."

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता, बादलीत हात मारल्याचा, आणि लेकीचं खिदळणं. "अंघोळ चाललीय आमची," प्रशील ओरडून म्हणाला. "काय? चुकली? मग राहा ना!"

फोन ठेवून ती बाजेवर तशीच बसून राहिली. मग उठली, चुलीपाशी गेली आणि सासूच्या शेजारी पाटावर बसून शेकायला हात पुढे केले.